जोहार खोऱ्यातील कुलपे

हिमालयात जाऊन आलो असे सांगितले की आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी प्रथम विचारतात, "बदरीनाथ झाले का?" कुमाऊंच्या उत्तर टोकाला, तिबेटच्या सीमेला भिडलेल्या जोहार खोऱ्यात बदरीनाथासारखे तीर्थ नाही, नैनितालसारखे तळे नाही, की पर्यटकांची वर्दळ नाही. आहे ती हिमनदीतून निघालेली गोरी गंगा, तिच्या काठाने वर चढत जाणारी जुनी व्यापारी वाट आणि त्या वाटेवरची अर्धी ओस पडलेली गावे. काही वर्षांपूर्वी घरच्या गौरी-गणपतीची बोळवण करून आम्ही पाच जण इंदूरहून निघालो, ते ही वाट चालण्यासाठी.

दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदाम आणि तेथून मोटारीने दोन दिवसांचा घाटरस्ता. थल मागे पडले, बिर्थीचा धबधबा आला आणि काळामुनीची खिंड ओलांडताच समोर पंचचुलीची पाच शिखरे उभी राहिली. खाली मुनस्यारी, सुमारे २,२०० मीटर उंचीवर. पुढचा मुलूख सीमेलगतचा असल्याने येथे परवाना काढावा लागतो. आमच्याबरोबर एक स्वयंपाकी, दोन खेचरे, त्यांचा हाक्या आणि वाटाडे असा लवाजमा होता. वाटाडे पन्नाशी उलटलेले, याच खोऱ्यातील शौका जमातीचे. कुमाऊंत थोरल्या भावाला दाज्यू म्हणतात; आम्हीही त्यांना दाज्यूच म्हणू लागलो.

मिलम हे खोऱ्यातील शेवटचे गाव साठेक किलोमीटरवर. पहिला मुक्काम लीलम, दुसरा बुगड्यार. या टप्प्यात खोरे इतके अरुंद आहे की दोन्ही कड्यांच्या मधून आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते, आणि खाली गोरीचा घोष एवढा की शेजाऱ्याशीही ओरडून बोलावे लागते. हिमनदीने दळलेल्या दगडांच्या पिठाने तिचे पाणी पांढुरके झालेले. 'गोरी' हे नाव त्यावरूनच पडले म्हणतात. पावसाळा सरत आला असला तरी दरडी ओल्या होत्या. अशा जागी दाज्यू सर्वांना थांबवीत, वर पाहत, कान देत आणि मग एकेकाला पलीकडे पाठवीत.

तिसऱ्या दिवशी खोरे एकदम मोकळे झाले. झाडी मागे राहिली आणि ३,१०० मीटरच्या आसपास असलेल्या रिलकोटला आम्ही पोहोचलो. त्या संध्याकाळी आमच्यातील सर्वांत वडील, एकसष्ट वर्षांच्या काकांचे डोके दुखू लागले आणि जेवणावरून मन उडाले. हवा विरळ झाली की शरीराला तिची सवय होण्यास वेळ लागतो. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम फार तर पाचशे मीटरनी चढवावा, आणि लक्षणे दिसली तर ती जाईपर्यंत वर सरकू नये, हा डोंगरातील नियम. दाज्यूंनी दुसऱ्या दिवशीचे कूच रद्द केले. "उद्या बरे वाटले तर परवा वर, नाही तर खाली," एवढेच ते म्हणाले. काकांनी दोनदा आर्जव केले. दाज्यूंनी दोन्ही वेळा त्यांच्या हातात गरम पाण्याचा पेला दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आपण होऊन मडुव्याची, म्हणजे आपल्या नाचणीची, भाकरी मागितली तेव्हा खेचरांवर सामान चढले.

रिलकोटवरून चढून मर्तोलीला गेलो. ३,४०० मीटरवरील या पठारावर दगडी घरांच्या रांगा आहेत; दारांच्या चौकटींवर नक्षी आहे, पण पुष्कळ घरांना छप्पर नाही. गावाबाहेर भूर्जवृक्षांच्या राईत नंदादेवीचे लहानसे देऊळ, आणि मागे नंदादेवी पूर्व हे ७,४३४ मीटरचे शिखर. देवळात ताजी लाल वस्त्रे आणि फुले दिसली. दाज्यूंनी सांगितले, अकरा-बारा दिवसांपूर्वी भाद्रपद शुद्ध अष्टमीला, नंदाष्टमीला, खालून गावकरी येऊन गेले. नंदा ही या डोंगराची लेक. सासर तिचे कैलासावर. ती माहेरी येते, तिचे कोडकौतुक होते आणि डोळ्यांत पाणी आणून तिची पाठवणी होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्याच सुमारास माळव्यातील आमच्या घरांत माहेरवाशीण गौर जेवत होती!

ही गावे ओस का पडली, हे मिलमच्या वाटेवर, बुर्फू आणि बिल्जू ओलांडताना उलगडत गेले. शौका मंडळी शेतकरी कमी आणि व्यापारी अधिक. उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर लहान थैल्या लादून धान्य, गूळ, कापड घेऊन ती उंटाधुरा, जयंती आणि कुंगरीबिंगरी या पाच हजार मीटरवरील खिंडी एकामागून एक ओलांडीत, तिबेटातील ग्यानिमाच्या बाजारी जात आणि मीठ, लोकर, टाकणखार घेऊन परतत. हिवाळ्यात सारे गाव खाली उतरे. १९६२ च्या युद्धाने सीमा बंद झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हा व्यापार संपला. वर राहून खायचे काय, हा प्रश्न उरला. लोक मुनस्यारीत आणि त्याखालच्या गावांत स्थिरावले. १९६७ साली जमातीला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, मुले शिकली, नोकऱ्यांना लागली. आज उन्हाळ्यात काही कुटुंबे येतात, बटाटा आणि फाफर, म्हणजे कुट्टू, पेरतात आणि थंडी पडण्यापूर्वी उतरतात.

या व्यापारी वाटांनीच एक मोठा माणूस घडविला. नैनसिंह रावत, जन्म १८३०, या जोहारचेच. मिलमच्या शाळेत ते मास्तर होते. त्यावरून 'पंडित' हे नाव पडले. परक्यांना बंदी असलेल्या तिबेटचा नकाशा करण्यासाठी इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने त्यांना देहरादूनला शिकविले. १८६५ साली काठमांडूहून वेषांतर करून ते निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. मैलाला दोन हजार पावले पडावीत अशी चाल त्यांनी पक्की बसविली होती. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलांना एक मणी ओढायचा, म्हणजे माळ पुरी झाली की पाच मैल. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात लपविलेले. पाणी किती उष्णतेला उकळते यावरून त्यांनी ल्हासाची उंची काढली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. मिलमकडे जाताना आमच्यातील एकाने पावले मोजून पाहिली. पाचशेच्या आतच हिशेब चुकला.

मिलम येथे एकेकाळी पाचशे घरे होती असे सांगतात. आता पडक्या भिंतींची चक्रव्यूहासारखी गल्लीबोळे आहेत. त्यांतील एका घरासमोर दाज्यू थांबले. छप्पर कोसळलेले, उजवीकडची भिंत कमरेइतकी उरलेली. कोणीही सहज ओलांडून आत जावे. पण समोरचे दार शाबूत होते आणि त्याला कुलूप होते. दाज्यूंनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडले, जोडे बाहेर काढले आणि दारातून आत गेले. चुलीच्या जागी उदबत्ती लावली. बाहेर येऊन पुन्हा कुलूप लावले. न राहवून आम्ही विचारले, "दाज्यू, भिंतच नाही, मग कुलूप कशाला?"

ते म्हणाले, "चोरासाठी नाही लावले. आम्ही आहोत, एवढे कळावे म्हणून."

दुसऱ्या दिवशी हिमनदीच्या मुखापर्यंत गेलो. माती-दगडांनी काळवंडलेल्या बर्फाच्या भिंतीखालून गोरी उसळून बाहेर पडते. वर ७,१५१ मीटरचे हरदेवल उन्हात झळकत होते. दाज्यूंनी बऱ्याच खाली असलेला एक दगड दाखविला; त्यांच्या लहानपणी बर्फ तेथवर होते.

खोऱ्यात सीमेपर्यंत मोटाररस्ता नेण्याचे काम अनेक वर्षे चालले आहे. त्याने ही पायवाट पुसली जाईल याची आम्हांला हळहळ वाटली. दाज्यूंना वाटली नाही. "रस्ता आला तर म्हातारी माणसे नंदाष्टमीला येतील," ते म्हणाले, "आणि छपरासाठी पत्रे आणता येतील." चार दिवसांच्या पाहुण्याला वाट निर्जन हवी असते, ज्याचे घर तेथे आहे त्याला ती वाहती हवी असते.

आपणही दूर येऊन वसलेली माणसे. शिंदे-होळकरांबरोबर आलेल्या कित्येक घराण्यांना मूळ गावच्या वाड्याची जागाही आज दाखविता येणार नाही. तरी लग्नकार्यानंतर नवी जोडपी जेजुरीला, तुळजापूरला जातात आणि कुलदैवताचे नाव मुलांना पाठ असते. मिलमहून परतल्यावर आमच्यातील काकांनी साताऱ्याकडील चुलतभावाला पत्र घातले आणि पडक्या घराच्या आपल्या वाट्याची चौकशी केली. विकण्यासाठी नव्हे. दाराची चौकट अजून उभी आहे का, एवढेच त्यांनी विचारले होते.