खडीचा रस्ता

खडीशी माणसाचा संबंध दोनच कारणांनी येतो, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. एक, सक्तमजुरी झाली तर ती फोडावी लागते. दुसरे, आमच्या बोरिवलीच्या गल्लीत कोणीतरी ती एका पावसाळ्यानंतर आणून ओततो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत विसरतो. पण पहाटे उठून, पदरचे पैसे खर्चून, हौसेने खडीवर जाणारी माणसे जगात आहेत, ही बातमी मला आमच्या चिरंजीवांकडून कळली.

'चिरंजीवांकडून' म्हणजे हिच्यामार्फत. मी त्याला अकरावीला कॉमर्स घ्यायला लावले तेव्हापासून आमचे संभाषण त्रयस्थामार्फत चालते. "आई, बाबांना सांग, मला ग्रॅव्हल बाईक घ्यायची आहे. 62,000 रुपये."

मी गेली वीस-बावीस वर्षे बँकेत आहे. 62,000 या आकड्याला मी भीत नाही. रोज मोजतो. फक्त ते दुसऱ्याचे असतात, एवढेच!

"मोटारसायकल ना?" मी सावधपणे विचारले.

"नाही. सायकल," हिच्यामार्फत उत्तर आले.

मग मोबाईलवर मला ती दाखवण्यात आली. हँडल एडक्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले, चाके चाळीस मिलिमीटर रुंद, आणि मडगार्ड, कॅरियर, घंटी, स्टँड यांपैकी काहीही नाही. आमच्या वेळी अशी सायकल 'चोरीची' म्हणून पोलिसांनी अडवली असती. अमेरिकेत कॅन्सास राज्यात फ्लिंट हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथे 2006 सालापासून या खडीच्या रस्त्यांवर शर्यत भरते आणि लोक त्यात 200 मैल सायकल हाणतात. हे 200 मैल एका दमात, हे ऐकून मला बसल्या जागी धाप लागली.

"उतरत्या-चढत्या टेकड्या आणि नद्यांची खोरी पाहिजेत," चिरंजीव भिंतीला उद्देशून म्हणाले.

आता खोरीच म्हणाल तर आम्हा उपनगरवाल्यांना काय तोटा! दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी अशा चार नद्या आमच्याकडे आहेत. चौघींचेही माहेर राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत. तिथून निघताना त्या बऱ्या असतात, सासरी येईपर्यंत त्यांचा नाला होतो. पुलावरून जाताना आम्ही नाकाला रुमाल लावतो. त्या नद्या आहेत हे आम्हाला 26 जुलै 2005 ला कळले. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपली ओळख घरोघर येऊन करून दिली.

शेवटी तडजोड ठरली. आधी उद्यानात भाड्याची सायकल घेऊन कान्हेरीपर्यंत जाऊन यायचे. त्यानंतरही हौस टिकली तर बघू. ही तडजोड मी सुचवली होती. तिच्यात "तुम्हीही जा, तेवढीच साखर उतरेल" ही दुरुस्ती हिने मांडली आणि एक विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाली. माझ्या रक्तातली साखर तेव्हा नुकतीच उघडकीस आली होती.

रविवारी सकाळी उद्यानात मला मिळालेल्या सायकलीचे वय माझ्याच आसपासचे असावे. गुडघे दोघांचेही वाजत होते. सुरुवातीला झाडी, सावली, कडेने दहिसर नदी, आणि चक्क तळचे दगड दिसावेत असे पाणी! ही आपलीच दहिसर यावर माझा विश्वास बसेना. एखाद्या खडूस साहेबाचा मुंजीतला फोटो पाहावा, तसे वाटले.

कान्हेरी फाटकापासून 6-7 किलोमीटर. यातले शेवटचे किलोमीटर ज्याने मोजले तो बहुधा गाडीत बसून गेला असावा. चढ सुरू झाला. मी उतरलो. सायकल ढकलत थोडा चाललो, पुन्हा बसलो, पुन्हा उतरलो. बिबट्याची मला भीती वाटत नव्हती. बिबट्या दिसला असता तर निदान थांबायला कारण तरी मिळाले असते. चिरंजीव दर वळणावर बुटाची नाडी बांधत बसलेले दिसायचे. मी जवळ आलो की नाडी बांधून व्हायची. एवढ्या नाड्या सुटतात कशा, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

वर लेणी. काळ्या दगडात कोरलेल्या शंभराहून जास्त गुंफा, जागोजाग पाण्याची टाकी, आणि माझ्या बिस्किटांवर हक्क सांगणारी माकडे. एका पायरीवर बसून मी घाम पुसला आणि मग मला माझे क्षेत्र सापडले.

"इथल्या शिलालेखांत मुदत ठेवी आहेत," मी म्हणालो.

"काय?" हा थेट मला विचारलेला पहिला प्रश्न.

मग मी सुटलोच. अक्षयनीवी म्हणजे काय, मुद्दल कधीच मोडायचे नाही आणि व्याजावर भिक्षूंची वस्त्रे आणि बाकीचा खर्च कसा चालवायचा, नवव्या शतकात शिलाहारांच्या अमलात गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकराने शंभर द्रम्म कसे ठेवले, सगळे सांगितले. दहा मिनिटे बोलत होतो. जांभई आली नाही. कॉमर्सची एवढी स्तुती त्याने प्रथमच निमूटपणे ऐकून घेतली असेल.

"बाबा, आजोबांची सायकल कुठली होती हो?"

आमचे वडील पोस्टमन. त्यांची अॅटलास. (त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 2020 मध्ये 3 जूनला बंद झाला. तो जागतिक सायकल दिन होता!) निवृत्त झाल्यावरही ते तिच्यावरूनच भाजी आणायचे. 2002 साली मी बँकेत लागलो आणि म्हणालो, "अण्णा, आता ती सायकल पुरे. चारचौघांत बरे दिसत नाही." त्यांनी वाद घातला नाही. सायकल 500 रुपयांना गेली. नंतर ते बाजारात चालत जायचे, मग कोपऱ्यापर्यंत, मग गॅलरीपर्यंत. त्या पाचशे रुपयांचे काय करायचे असे मी विचारले, तेव्हा "तुझ्या बँकेत ठेव" म्हणाले.

"मग?"

"ठेवले. ते गेल्यानंतरही नूतनीकरण करतोय."

"आता किती झाले?"

"दोन हजारांच्या थोडे वर."

त्याने जरा विचार केला. "त्यात ग्रॅव्हलचा टायर येईल," तो म्हणाला. "एक."

आम्ही दोघेही हसलो. तेवढ्यात माकडाने बिस्किटांचा पुडा नेला.

उतारावर मी पायडलाला पाय न लावता घरंगळत आलो. हा रस्ता डांबरी आहे, हे खरे ग्रॅव्हल नव्हे, त्यासाठी वसईजवळ तुंगारेश्वरच्या जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर जायला हवे, ओढे तुडवत जावे लागते, वगैरे माहिती तो शेजारून देत होता. मला. थेट.

घरी हिने दारातच विचारले, "काय, किती वेळा उतरले हे?"

मी खरे तर सात वेळा उतरलो होतो. आठवी वेळ मोजायची की नाही, हा वादाचा मुद्दा आहे, कारण तेव्हा मी उतरलो नाही, पडलो.

"दोनदाच," चिरंजीव म्हणाले आणि बुटाची नाडी सोडू लागले.