नाळ कापण्याआधी

आज एक घरचीच, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल अशी आठवण लिहितोय. मी बँकेतला, बी.कॉम. झालेला माणूस. वैद्यकातलं जे कळलं ते डॉक्टरांना खोदून खोदून विचारूनच.

भाचीच्या विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेवर मोठी गाठ दिसली. लिम्फच्या वाहिन्या गर्भातच नीट न जुळल्याने होणारी, पाण्याने भरलेली. पुढे गर्भजल फार वाढलं. बाळाला ते गिळता येत नव्हतं, म्हणजे गाठ घसा दाबत होती. घरात कुजबुज सुरू झाली, "ग्रहणात भाजी चिरली असेल." भाचीचं जेवण तुटलं. शेवटी इथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "हिचा काहीही दोष नाही. काळजी आहे ती जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांची."

पोटात बाळाला प्राणवायू मिळतो तो वारेतून, नाळेवाटे. नाळ कापली की ते स्वतःच्या श्वासावर. पण श्वासाची वाटच दबलेली असेल तर? त्यासाठी 'एक्झिट' नावाची पद्धत आहे. सिझेरियन करताना खोल भूल देऊन गर्भाशय सैल ठेवतात, म्हणजे वार लगेच सुटत नाही. बाळाचं डोकं आणि खांदे बाहेर काढतात, नाळ चालूच ठेवतात आणि तेवढ्यात श्वासनलिकेत नळी घालतात. तोंडातून नाही जमलं तर गळ्याला छेद देऊन. आमच्या भाषेत, नवं खातं चालू झाल्याशिवाय जुनं बंद करायचं नाही! पण गर्भाशय सैल राहिलं की आईला रक्तस्रावाचा धोका. म्हणून रक्त तयार ठेवायचं, आईसाठी आणि बाळासाठी डॉक्टरही वेगळे.

तारखेच्या बरंच आधी तिला 'अवंतिका'ने मुंबईला नेलं. ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेर बाळाच्या रडण्याकडे कान लावून बसलेलो. आवाज आलाच नाही. ताईच्या हातातली जपमाळ थांबली. मग डॉक्टर बाहेर आले, "नळी बसली. ती आहे तोवर रडण्याचा आवाज येणार नाही." बाळ न रडल्याचा आनंद मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला.

पुढे गाठीत इंजेक्शनं देऊन ती आटवली. नात आता शाळेत जाते, आणि अखंड बडबडते!

मानेवरच्या प्रत्येक गाठीला एवढं सगळं लागत नाही. पण अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी टाळू नका. गाठ दिसली तर बाळंतपण कुठे करायचं ते आधीच ठरवा. आणि सुनेला, लेकीला ग्रहणाचे हिशेब विचारू नका.