मामांकडून सप्रेम भे...

"सुट्टीत काय केलंस?" असं विचारलं की वर्गातले लोक इंटर्नशिप, ट्रेक, गोवा वगैरे सांगतात. मी सांगते, "रेडिएटरला रंग दिला." मग दोन मिनिटं शांतता! एक तर मेकॅनिकलला मुलगी, त्यात कॉन्व्हेंटची (ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी माफ करावं), आणि त्यात हे.

रेडिएटर आमच्या आजोबांच्या ट्रॅक्टरचा. मॉडेल बी-275, लाल रंगाचा, साधारण 35 हॉर्सपॉवर. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून 1963 साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि कांदिवलीच्या कारखान्यात हे ट्रॅक्टर बनू लागले. म्हणजे जुन्नर तालुक्यात आयुष्य काढलं तरी जन्माने तो मुंबईचा उपनगरी, माझ्यासारखाच. आजोबांनी तो 1974 साली घेतला. गेली पंधरा वर्षं तो गोठ्याशेजारी उभा होता. यंदा काका म्हणाले, दसऱ्याला चालू करू. इंजिन काकांनी घेतलं, रेडिएटर माझ्या वाट्याला आला. काकांच्या पिकअपमधून माळशेज घाट उतरून, मुरबाड-कल्याणमार्गे तो मुलुंडला आमच्या बाल्कनीत येऊन पडला. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "दसऱ्यापर्यंत. त्यानंतर भंगारवाला."

माझा प्लॅन सोपा होता. वरची आणि खालची टाकी पितळेची. सगळा रंग काढायचा, पॉलिश मारायचं, आरशासारखं चकचकीत करायचं आणि फोटो काढायचे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा रेडिएटर नव्हता का असाच चमकायचा! 1916 साली फोर्डने ती चकाकी बंद करून काळा रंग सुरू केला, ही गोष्ट मी सोयीस्करपणे विसरले.

थर जाड होता, एकावर एक किती हात मारले होते कोण जाणे. थिनरने दाद देईना म्हणून मी हीट गन घेतली. पितळ वितळायला 900 अंश लागतात, मग घाबरायचं कशाला? पण टाकी ज्या डाखाने जोडलेली असते तो कथील-शिशाचा. तो 183 अंशांपासूनच मऊ व्हायला लागतो. दहा सेकंदांत कडेचा डाख मेणासारखा ओघळला आणि माझ्या पोटात गोळा आला. मटेरियल सायन्सच्या पेपरात हाच फेज डायग्राम मी पैकीच्या पैकी मार्कांनी काढला होता!

पण त्याच जागी, रंगाखाली, एक ठिगळ दिसलं. तळहाताएवढा पितळी पत्रा, कधीतरी गळती बुजवायला डाख देऊन बसवलेला. त्यावर भांड्यांवर नाव घालतात तशी ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं होती. मी हळूहळू पुसून वाचलं : "मामांकडून सप्रेम भे". पुढचा 'ट' कापला गेला होता.

मी लगेच गावी फोन लावला. "आजोबा, टाकीवर काहीतरी लिहिलंय." वाचून दाखवलं. पलीकडे एकदम सामसूम. मग दबक्या आवाजात, "आजी जवळ आहे का तुझ्या?"

"आजोबा, आजी तुमच्याकडे आहे. मी मुलुंडला आहे."

"हां. मग असं कर पोरी, त्याला रंग मार. जाड मार."

हळूहळू उलगडा झाला. 1983 साल, कांद्याचा हंगाम, भाड्याची नांगरट घेतलेली आणि टाकी गळायला लागली. पितळी पत्रा मिळायला बाजाराच्या दिवसापर्यंत थांबावं लागलं असतं. आजोबांनी माळ्यावरची आजीच्या लग्नातली परात काढली, पत्रा कापून घेतला आणि उरलेली परात विहिरीत टाकली. आजीने आठ दिवस घर धुंडाळलं. शेवटी संशय कल्हईवाल्यावर गेला, कारण आदल्याच आठवड्यात तो भांडी घेऊन गेला होता. आजोबा गप्प राहिले. त्या माणसाला पुन्हा आमच्या दारात कोणी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर रिक्षात घालून मी एलबीएस मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर, एका रेडिएटरवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी तोंडं बंद करून आत हवा भरली आणि रेडिएटर हौदात बुडवला. बुडबुडे फक्त मी वितळवलेल्या कडेतून आले. चाळीस वर्षांच्या ठिगळातून एकही नाही! चाचा म्हणाले, "ये पुराना पत्रा निकाल देता हूं, नया लगाएंगे." मी एवढ्या जोरात "नको" म्हणाले की शेजारचा पंक्चरवाला वळून बघायला लागला.

आता प्रश्न रंगाचा. आजोबांना हवा जाड थर, आणि सगळं इंजिनिअरिंग त्याच्या विरुद्ध. नाव रेडिएटर असलं तरी तो उष्णता मुख्यतः वाहत्या हवेला देतो. मी हिशोब केला : पाणी 90 अंश, हवा 30 अंश, काळा रंग. समोरचं क्षेत्रफळ 0.2 चौरस मीटर धरलं, तर त्या बाजूने प्रारणाने जाते जेमतेम 100 वॉट. बाहेर टाकायची असते वीसएक किलोवॉट! बाकी सगळं पंख्याच्या वाऱ्यावर. रंग पितळेपेक्षा काही शेपटींनी वाईट उष्णतावाहक आहे, तरी 50 मायक्रॉनचा, केसाएवढा पातळ थर असला तर फरक नगण्य. पण ब्रशने जाड हात मारला की पात्यांमधल्या फटी बुजतात, हवा अडते आणि गाडी उकळते. शिवाय जाड थरात ते ठिपके भरून गेले असते.

आजोबांचं ऐकलं नाही. सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून, टाक्यांना एच प्रायमर आणि सगळ्याला स्प्रेने मॅट काळ्याचे दोन पातळ हात दिले. पात्यांवर तर नुसता फवारा. अक्षरं काळी झाली, पण बोट फिरवलं की लागायची.

दसऱ्याला ट्रॅक्टर पूजेला उभा राहिला. काकांनी कौतुकाने बॉनेट उघडं ठेवलं होतं. आजोबा मुद्दाम समोर उभे. आजी कुंकवाचं बोट टेकवायला वाकली, तिचा हात टाकीवर थांबला. मग अंगठा सावकाश फिरला, एकदा, दोनदा. आजीला चष्मा लागत नाही असं नाही, पण त्या दिवशी लागला नाही.

"माझी परात," ती म्हणाली.

आजोबा खाली बघत राहिले. मला वाटलं आता स्फोट! आजीने कुंकू लावलं, हळद लावली, झेंडूचं फूल टाकीवर ठेवलं. म्हणाली, "मागितली असती तर दिली नसती का?" थोडं थांबून पुन्हा, "आणि त्या कल्हईवाल्याचं काय?"

याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. काकांनी बटण दाबलं, ट्रॅक्टर दोनदा खोकला आणि सुरू झाला. तासभर चालला. पाणी उकळलं नाही.

संध्याकाळी आजोबा मला म्हणाले, "जाड मार म्हणालो होतो ना?"

मी म्हटलं, "आजोबा, हीट ट्रान्सफर."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून आत आजीकडे गेले.