पैसे भरून नापास

नापास होणं ही आमच्या काळी अगदी फुकटात मिळणारी गोष्ट होती. त्यासाठी ना अर्ज करावा लागे, ना कुणाची शिफारस. गणिताचा एक पेपर आणि थोडा मनाचा निर्धार एवढ्या भांडवलावर ती कोणालाही साधत असे. पुढे वडिलांची वहाण, आईचा डोळ्यांना लागलेला पदर आणि शेजारच्या काकूंनी मुद्दाम आणून दिलेले त्यांच्या बंडूचे पेढे हे सगळं ओघानंच यायचं. पण त्याचेही कोणी पैसे मागत नसे. माझ्या वर्गात एक गृहस्थ आठवीत तीन वर्षं होते. त्यांना मिशा फुटल्या होत्या, आणि नव्या मास्तरांना वर्ग कुठे भरतो हे तेच दाखवायचे. पण त्यांचे वडील हेडमास्तरांकडे जाऊन "यंदाही ठेवा हो आमच्या चिरंजीवांना, लागेल ती फी भरतो," असं म्हणाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

ही सोय मी अमेरिकेत पाहिली.

गेल्या वर्षी फेब्रुवारी ते जून आम्ही दोघं लेकीकडे बाल्टिमोरला होतो. नातू तिथल्या सरकारी शाळेत आठवीत होता. एके रात्री आमटी वाढून घेता घेता जावई सहज म्हणाले, "सप्टेंबरपासून याला खाजगी शाळेत घालतोय. पुन्हा आठवीतच."

हिच्या हातातला डाव आमटीतच राहिला. हिनं तीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत शिकवलेलं. "नापास झाला?" हिनं अगदी हळू, सुतक विचारावं तसं विचारलं.

"नाही हो आई, सगळ्या विषयांत 'ए' आहे."

"मग?"

"लॅक्रॉससाठी," जावई म्हणाले, आणि चित्रान्नाकडे वळले.

आता लॅक्रॉस म्हणजे काय हे सांगायला हवं. बटाटेवडे तळायचा झारा तुमच्या घरी असेल. त्याचा दांडा साडेतीन फूट लांब करा. पुढच्या चकतीच्या जागी सुतळीची सैलसर जाळी बसवा. असे झारे दोन्ही बाजूंच्या दहा-दहा मुलग्यांच्या हातात द्या, आणि त्यांना ११० यार्ड लांब, ६० यार्ड रुंद मैदानात मोकळं सोडा. वडा एकच, तो भरीव रबराचा. तो जाळीत झेलायचा, पळवायचा, आपल्या माणसाकडे फेकायचा आणि शेवटी सहा फूट बाय सहा फुटांच्या चौकटीत घालायचा. बचाव करणाऱ्यांपैकी काहींचे झारे चक्क सहा फुटांपर्यंत लांब असतात. या झाऱ्यानं दुसऱ्याच्या झाऱ्यावर आणि हातमोज्यांवर मारणं कायदेशीर आहे. इतरत्र मारलं तर एक ते तीन मिनिटं मैदानाबाहेर जाऊन बसायचं. आमच्या शाळेत अंगठे धरून उभं करत, त्यापेक्षा ही शिक्षा फारच सुखाची. बसायला बाक असतो आणि पाणीही मिळतं.

या खेळातला एक नियम मला फार आवडला. गोलाकडे मारलेला चेंडू चुकून रेषेबाहेर गेला, तर तो बाहेर जाताना जो खेळाडू त्याच्या सर्वांत जवळ असेल त्याच्या बाजूला मिळतो. त्यामुळे हाती लागायची अजिबात आशा नसलेल्या चेंडूमागेही मुलं जीव खाऊन पळत असतात. हा नियम मुलांच्या आईबापांनीही अंगी बाणवलेला आहे, हे मला पुढे कळलं.

मेरिलँड हे राज्य खेळांच्या बाबतीत थोडं निराळंच. १९६२ साली त्यांनी आपला राज्यक्रीडा म्हणून घोड्यावरची भालेबाजी निवडली. २००४ साली लॅक्रॉसला राज्याचा सांघिक खेळ केलं. तात्पर्य, हातात लांब काठी हवी यावर एकमत आहे. बाल्टिमोरच्या आसपास मुलग्यांच्या जुन्या खाजगी शाळा आहेत: १८४४ सालची बॉइज लॅटिन, १८४५ ची कॅल्व्हर्ट हॉल, १८५२ ची लॉयोला, १८९७ ची गिलमन. वसंत ऋतूत यांच्या आपसातल्या लॅक्रॉसच्या लढती म्हणजे अख्ख्या अमेरिकेच्या कौतुकाचा विषय. वॉशिंग्टनकडे लँडन आणि जॉर्जटाउन प्रेप, न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर शॅमिनाड आणि सेंट अँथनीज, न्यू जर्सीत डेलबार्टन, तिकडे वर मॅसॅच्युसेट्समध्ये डिअरफील्ड अशी ही घराणी पसरलेली आहेत. घराणी म्हणायचं कारण असं, की मी सामना पाहायला गेलो तेव्हा माझ्या डाव्या हाताला बसलेले आजोबा याच शाळेकडून खेळलेले, मधे उभा असलेला त्यांचा मुलगा याच शाळेकडून खेळलेला, आणि मैदानावर नातू. हेल्मेटच्या मागून मानेवर रुळणारे लांब केससुद्धा तिघांचे सारखे. आजोबांचे अर्थात फोटोत. आमच्याकडे गवयाच्या घराण्यात असतं तसंच. फक्त इथे गंडा बांधायला वर्षाला ३०-४० हजार डॉलर लागतात, आणि राहून शिकायच्या शाळेत त्याच्या जवळजवळ दुप्पट.

एवढे पैसे आणि वर एक वर्ष, हे कशासाठी? जावई पवईच्या आयआयटीतले. त्यांनी मला कागदावर मांडून दाखवलं. शाळांतून लॅक्रॉस खेळणारे मुलगे देशात लाखाच्या वर. कॉलेजच्या पहिल्या डिव्हिजनचे संघ सत्तर-पंचाहत्तर. एका संघात मुलगे चाळीस-पन्नास, आणि अगदी २०२५ पर्यंत अख्ख्या संघासाठी मिळून शिष्यवृत्त्या १२.६.

"बारा पूर्णांक सहा दशांश?" मी विचारलं. "सहा दशांश मुलगा कसा असतो?"

"शिष्यवृत्तीचे तुकडे करून वाटतात, बाबा. कुणाला पाव, कुणाला निम्मी."

२०२५ साली कोर्टातली एक तडजोड झाली आणि तीत सामील झालेल्या कॉलेजांना ही मर्यादा उरली नाही; त्याऐवजी संघात ४८ च मुलगे ठेवायचे असा दंडक आला. हार्वर्ड, येल वगैरे आठ आयव्ही कॉलेजं तर खेळासाठी शिष्यवृत्ती म्हणून एक डॉलर देत नाहीत. पण त्यांतल्या सातांचे मुलग्यांचे लॅक्रॉसचे संघ आहेत, आणि कोचनं नाव सुचवलं तर दार किंचित किलकिलं होतं. त्या फटीसाठी हा सगळा खटाटोप. पूर्वी तर आठवी-नववीतल्या पोरांनाच कॉलेजं तोंडी वचन देऊन मोकळी व्हायची. अजून आवाज न फुटलेल्या मुलाचं कॉलेज ठरलेलं! पाळण्यात लग्न लावायची पद्धत आपल्याकडे बंद झाली ती तिकडे अशी निघाली. २०१७ साली नियम करून हे थांबवलं. आता अकरावीच्या वर्षी १ सप्टेंबर उजाडल्याशिवाय कॉलेजच्या कोचला मुलाशी बोलता येत नाही. त्या दिवशी मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटानं फोन वाजतो म्हणे, आणि ज्याच्या घरी वाजत नाही त्या घरात दुसऱ्या दिवशी स्वयंपाक होत नाही.

आता त्या सप्टेंबरपर्यंत मुलगा उंच, रुंद आणि दणकट व्हायला हवा. निसर्ग काही फी घेऊन घाई करत नाही. मग उपाय एकच, वर्गालाच थांबवायचं. मुलाला आठवी किंवा नववी पुन्हा करायला लावली, की तो आपल्या वर्गात वर्षानं मोठा होतो. याला तिकडे 'रीक्लास' म्हणतात. सरकारी शाळेत पास झालेल्या मुलाला खेळासाठी त्याच वर्गात परत बसवणं अवघड. खाजगी शाळेत मात्र पालकांचं आणि शाळेचं जमलं की झालं. आमच्या नातवाचा जन्म जुलैचा, म्हणजे वर्गात तो आधीच सर्वांत लहानांपैकी. उन्हाळी क्लबाच्या कोचनं जावयांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हात चांगले आहेत पोराचे. फक्त एक वर्ष द्या."

हिला ते काही पटेना. ही म्हणाली, "पण दुसऱ्यांचे आईबापही असंच करत असतील ना?"

"करतात ना. म्हणून तर आपल्यालाही करायला हवं."

"म्हणजे जत्रेतल्या तमाशासारखं झालं," ही म्हणाली. "पुढचा उठून उभा राहिला म्हणून मागचा उभा राहतो, मग त्याच्या मागचा. शेवटी सगळे उभे, आणि दिसतं आधी होतं तेवढंच. मधल्या मधे पाय दुखतात ते पोरांचे."

जावई गप्प झाले. हिशेब त्यांचा बरोबर होता आणि हिचाही बरोबर होता, ही त्यातली खरी अडचण.

निवृत्त माणसाला परदेशात दुपार फार मोठी पडते. मी जवळच्या वाचनालयात जाऊन या खेळाची कुंडली काढली. हा खेळ मूळचा तिथल्या आदिवासींचा. हौडेनोसौनी लोक, ज्यांना गोरे इरोक्वा म्हणत, ते याला देवानं दिलेला खेळ मानतात. गावात कोणी आजारी असलं तर त्याला बरं वाटावं म्हणूनही तो खेळतात. काठी हिकरीच्या लाकडाची, हातानं वाकवलेली. १७६३ साली ओजिब्वे लोकांनी इंग्रजांच्या मिशिलिमॅकिनॅक किल्ल्याबाहेर हा खेळ मांडला. शिपाई बघायला बाहेर आले. चेंडू दरवाज्याकडे गेला, चेंडूमागून खेळाडू गेले, आणि थोड्या वेळानं किल्लाही गेला. गनिमी काव्यावर फक्त मराठी माणसाचा हक्क आहे असं मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. पुढे १८६७ साली जॉर्ज बीअर्स नावाच्या मॉन्ट्रियलच्या माणसानं खेळाचे नियम लिहून काढले. हा गृहस्थ धंद्यानं दंतवैद्य होता. काठ्यांनी खेळायच्या खेळाचे नियम दंतवैद्यानं करावेत यात दूरदृष्टी दिसते.

पण १८८० साली जे झालं ते वाचून मी पुस्तक मिटलं. त्या साली कॅनडाच्या लॅक्रॉस संघटनेनं ज्यांचा खेळ त्यांनाच स्पर्धांतून बाहेर काढलं. कारण काय, तर ते प्रवासखर्चासाठी पैसे घेतात, म्हणजे हौशी नव्हेत, धंदेवाईक! ज्यांनी पैसे घेतले ते बाटले. आणि आज एका जादा वर्षासाठी जे पस्तीस लाख रुपये मोजतात ते शुद्ध हौशी. कुठे आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून खेळायचा खेळ, आणि कुठे चांगल्या मुलाला नापास करायचा!

या सगळ्या काथ्याकुटात एका माणसाला कोणी विचारलं नव्हतं. तो माणूस रोज संध्याकाळी गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारत असे. उजव्या हातानं पन्नास, डाव्या हातानं पन्नास, मग हात बदलत पन्नास. ठप्... ठप्... ठप्. भिंत चेंडू परत द्यायची, तो जाळीत अलगद झेलायचा. लेक म्हणायची, डोकं उठलं. मला मात्र तो आवाज आवडायला लागला होता. आमच्या लहानपणी कोणाच्या तरी कुंपणातली काठी उपटून विटीदांडू व्हायचा, तेव्हा विटीला असाच आवाज यायचा. आणि त्यातून पुढे काय होणार, असं कोणी विचारत नसे, कारण काही होणार नाही याची सगळ्यांना खात्री होती.

शेवटी जावयांनी घरातली बैठक बोलावली. कागद पुन्हा मांडला. वय, उंची, १ सप्टेंबर, फी. हिनं आपली बाजू एका वाक्यात सांगितली, "तीस वर्षांत बापाच्या सांगण्यावरून मी एखादं पोर वर ढकललं असेल, पण खाली एकही नाही." मग लेक म्हणाली, "अरे, तुला काय वाटतं?"

नातू झाऱ्याच्या जाळीची गाठ आवळत बसला होता. त्याचं मराठी जेवणापुरतं. तो म्हणाला, "बाबा, माझे सगळे फ्रेंड्स नववीत जाणार. मी नापास झालो, तर पास कोणाला देऊ?"

हे त्यानं विनोद म्हणून म्हटलं नव्हतं. गेली चार वर्षं तो आणि दोन घरं सोडून राहणारा त्याचा मित्र एकमेकांकडे न बघता चेंडू फेकत आणि झेलत होते. तो मित्र त्याच खाजगी शाळेत, शाळेच्याच मदतीवर, नववीत जाणार होता. कागदावरच्या हिशेबात या मित्राला रकाना नव्हता.

जावयांनी कागदाची घडी केली. ती नीट चार पदरी केली आणि खिशात ठेवली. इंजिनियर माणूस, फाडणार थोडाच! नातू नववीत गेला. त्या शाळेची फीही काही कमी नाही, पण निदान ती पास होण्यासाठी भरतात.

यंदाच्या वसंतात तो नवख्यांच्या संघात आहे. समोरचे गडी त्याच्याहून वीतभर उंच, त्यातल्या दोघांना मिशा आहेत, असं लेकीनं फोनवर सांगितलं. परवाचा सामना ते हरले. ही काळजीनं विचारत होती, छातीला चेंडू लागत नाही ना? २०२२ पासून छातीचं रक्षण करणारं ठरावीक मापाचं चिलखत घालावंच लागतं, हे तिला लेक तिसऱ्यांदा समजावत होती. मग नातू फोनवर आला. मी विचारलं, "किती गोल केलेस?"

"एक पण नाही, आजोबा," तो आनंदानं म्हणाला. "पण त्याचे दोन्ही गोल माझ्या पासवर झाले."

मागे कुठेतरी ठप्, ठप् असा आवाज येत होता. म्हटलं, कोण खेळतंय रे?

"बाबा," तो म्हणाला. "डाव्या हातानं त्यांना अजून जमत नाही."