सोळांत पंधरावा

१९७२ च्या मार्चमध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावी कॉलेजच्या मुलींची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा भरली. संघ सोळा. स्पर्धेआधी त्यांना जो क्रम लावला गेला, त्यात इमॅक्युलाटा कॉलेजचा नंबर पंधरावा होता. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, कॅथलिक नन चालवत असलेलं हे तेव्हा मुलींचं लहानसं कॉलेज होतं. सगळ्या संघाला न्यायला पैसे नव्हते. टूथब्रश विकून वगैरे जे जमलं त्यात आठ जणी निघाल्या, त्याही स्टँडबाय तिकिटांवर. म्हणजे विमानात जागा उरली तर बसायचं, नाहीतर पुढच्याची वाट बघायची. बाकीच्या घरी राहिल्या. १९ मार्चला या आठ जणींनी अंतिम सामना ५२-४८ असा जिंकला.

या हंगामावर पुढे ‘द मायटी मॅक्स’ नावाचा सिनेमा निघाला. सिनेमात असते तशी ती गोष्ट आहे: गरिबी, जिद्द, गॅलरीत बसून बादल्या बडवणाऱ्या नन. बादल्यांचं खरंच आहे. एका खेळाडूच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, तिथून त्या आल्या. पण आपल्याकडे डहाणू तालुक्यातल्या कैनाडसारख्या गावात मुलींना मैदानावर उभं करणाऱ्या क्रीडाशिक्षकाला या गोष्टीचा ऐकून उपयोग काय? गरिबीचं त्याला अप्रूप नाही. ती तर त्याच्या हजेरीपटावर रोज असते. त्याला विचारायचं असतं ते वेगळंच: सरावाला काय केलं? कुणाला कुठे उभं केलं? आठ जणींत फाऊल कसे पुरवले?

तेव्हा त्या बाजूने बघू.

बास्केटबॉल जन्मला १८९१ च्या डिसेंबरात, स्प्रिंगफील्डच्या एका व्यायामशाळेत. जेम्स नेस्मिथने गॅलरीच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजच्या सेंडा बेरेन्सनने हा खेळ मुलींना शिकवला, पण त्याला वेसण घालून. मैदानाचे तीन भाग, आणि प्रत्येकीने आपल्या भागातच राहायचं. हातातला चेंडू हिसकावायचा नाही. मुलींना फार पळवलं तर त्यांना सोसणार नाही, ही त्या काळची समजूत. नियम अधूनमधून बदलत गेले, तरी सहा जणींचा, अर्ध्या मैदानापुरता खेळ अमेरिकन कॉलेजांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकला. चढाई करणाऱ्या निराळ्या, बचाव करणाऱ्या निराळ्या. १९७१ मध्ये पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ अधिकृत झाला.

म्हणजे इमॅक्युलाटाचा तो हंगाम नव्या नियमांचा पहिलाच हंगाम होता. सिनेमाला यात रस नसतो, प्रशिक्षकाला असायला हवा. नियम बदलतो तेव्हा मोठ्या संघांची वर्षानुवर्षांची सवय एका रात्रीत निम्म्या किमतीची होते. जी आजवर फक्त बास्केट करत होती, तिला आता मागे पळत येऊन अडवायचंही असतं. ज्याचा संघ हे आधी शिकतो, तो पुढे जातो. कॉलेजचं मैदान केवढं आणि वसतिगृह किती मजली याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

कॅथी रश ही प्रशिक्षक १९७० मध्ये आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. पगार हंगामाला ४५० डॉलर. तिच्या स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांत सहा जणींचाच खेळ होता, पण नवरा एड रश हा एनबीएचा पंच, त्यामुळे पुरुषांचा व्यावसायिक खेळ तिला घरचाच झालेला. एवढ्या मुलींना एकाच वेळी धावायला, अडवायला आणि रिंगखालून चेंडू काढायला शिकवायचं, तर त्याचा नमुना मुलींच्या जुन्या खेळात सापडणारच नव्हता. तो पुरुषांच्या खेळातून उचलावा लागला. सराव करायला जागाही नव्हती. कॉलेजचं क्रीडागृह १९६७ मध्ये जळून गेलेलं. संघ सराव करायचा तो दीक्षा घेऊ पाहणाऱ्या मुलींच्या इमारतीच्या तळघरात. गणवेश म्हणजे लोकरीचे चुणीदार झगे. चेंडू पुरुषांच्याच मापाचा, कारण मुलींचा लहान चेंडू अमेरिकन कॉलेजांत यायला १९८४ उजाडलं.

संघातली सगळ्यात मोठी खेळाडू थेरेसा शँक. तिला दुसऱ्या एका कॉलेजात शिकायला जायचं होतं, पण घराला आग लागली आणि घरच्यांजवळ राहणं भाग पडलं, म्हणून ती इमॅक्युलाटात आली. एका आगीने कॉलेजचं क्रीडागृह नेलं, दुसरीने त्याला सेंटर दिली. खेळाच्या इतिहासात असा हिशेब कुणी मांडून ठेवलेला नसतो, घडतो तो.

आता खरा प्रश्न. राष्ट्रीय स्पर्धेच्या थोडेच दिवस आधी विभागीय अंतिम सामन्यात वेस्ट चेस्टरने याच संघाला ३२ गुणांनी हरवलं होतं. संपूर्ण हंगामातली ती एकमेव हार, आणि तीही एवढी. नॉर्मलला त्या पोचल्या त्या उपविजेत्या म्हणून, आणि पंधरावा क्रमही त्या हारेनेच लावला असणार. तिथे उपांत्य फेरीत आदल्या वर्षीच्या विजेत्या मिसिसिपीच्या महिला कॉलेजला त्यांनी ४६-४३ असं हरवलं, आणि अंतिम सामन्यात समोर कोण, तर पुन्हा वेस्ट चेस्टर.

३२ चं ४ कसं झालं, तेही उलट्या बाजूने? ज्याने कधी हरलेला संघ परतीच्या गाडीत बसवला आहे, त्याला यातली एक गोष्ट अनुभवाने कळते. मोठ्या हारेनंतर हाताशी थोडे दिवस असतील तर नवा खेळ शिकवायचा नसतो. तेवढ्यात नवं काही अंगात मुरत नाही. जुन्यातलं काय गळालं ते शोधायचं: रिबाउंड कुणाच्या बाजूने सुटले, पास कोणत्या कोपऱ्यात तुटला, कोणती मुलगी दमल्यावर हात खाली सोडते. आणि एकदा ते सापडलं की त्यावर भाषण द्यायचं नाही, तेवढ्याच जागेचा सराव करायचा. ४६, ५२ असे आकडे बघितले की आणखी एक अंदाज बांधता येतो. हे कमी गुणसंख्येचे, घट्ट बचावाचे सामने होते. आठ जणींच्या संघाला तेच परवडतं. पाच मैदानात, तीन बाकावर. पाच फाऊलला खेळाडू बाहेर. दोघींचे फाऊल पहिल्या अर्ध्यातच तीन-तीन झाले, तर प्रशिक्षकाला दुसऱ्या अर्ध्यात बचाव निम्मा ढिला करावा लागतो. आठ जणींतच भागवायचं तर फाऊल हा वाटून खर्च करायचा पैसा आहे, आणि हे गणित मुलींना समजावून द्यावं लागतं. नुसतं ‘फाऊल करू नका’ ओरडून भागत नाही.

डहाणू-तलासरीच्या शिक्षकाकडे बचाव शिकवण्यासाठी एक भांडवल आहे, आणि ते त्याला मोफत मिळतं. तिथल्या आश्रमशाळेत, हायस्कुलात येणारी मुलगी खो-खो आणि कबड्डी घेऊनच येते. बास्केटबॉलचं काँक्रीटचं मैदान, त्यावरचे बोर्ड, जमिनीपासून ३.०५ मीटरवरची रिंग हे सगळं खर्चाचं काम, म्हणून हा खेळ शहरात वाढला. खो-खोला दोन खांब आणि चुन्याच्या रेघा पुरतात. पण पायांचं शिक्षण बघा. खो-खोची पळती करणारी मुलगी बसलेल्या गड्यांमधून हूल देत आत-बाहेर होते. बास्केटबॉलमध्ये बचाव करणाऱ्याला ज्या वाकलेल्या गुडघ्यांची आणि झटक्यात दिशा बदलण्याची गरज असते, ती तिच्यात आधीच असते. कबड्डीतली चढाई करणारी तर समोरच्याच्या कंबरेकडे बघायला शिकलेलीच असते. चेहरा फसवतो, कंबर फसवत नाही, हे तिला सांगावं लागत नाही.

काही सवयी मात्र मोडाव्या लागतात. खो-खोत पाठलाग करणारी उठली की मागे फिरत नाही, एकच दिशा धरते. ती मुलगी फास्ट ब्रेकला चेंडू घेऊन सुटली की रिंगखाली पोचून भिंतीला धडकेपर्यंत थांबत नाही. तिला दोन पावलांत थांबायला, एक पाय रोवून त्याच्यावरच फिरायला शिकवायचं, तर पहिले काही आठवडे त्यातच जातात. आणि डावा हात. तो कुणीच घेऊन येत नाही, शहरातली मुलंही नाहीत.

झोन बचाव शिकवताना तिथल्या मुलींना आकृती काढून दाखवण्याची गरज नाही. वारली पाड्यांवर तारपा वाजतो तेव्हा एकमेकांच्या कंबरेत हात घातलेली रांग वाजवणाऱ्याभोवती फिरते, आणि सूर बदलला की सगळी रांग एकाच पावलाने दिशा बदलते. चेंडू डावीकडून उजवीकडे गेला की पाचही जणींनी तसं सरकायचं, एवढंच. जी एकटी राहते, तिच्या जागेतून पास निघतो. ही तुलना गोड वाटते म्हणून दिलेली नाही. सरावात तिचा उपयोग होतो, आणि एक अडचणही होते: तारप्यात डोळे वाजवणाऱ्याकडे असतात, बचावात अर्धे चेंडूकडे आणि अर्धे आपल्या माणसाकडे ठेवावे लागतात.

खरी अडचण हंगामाची आहे. पावसाळ्यात उघडं काँक्रीट निसरडं होतं, आणि कोकणातला पाऊस काही दोन दिवसांचा नाही. भात कापून झालं, दिवाळी सरली की पाडे रिकामे व्हायला लागतात. कुटुंबं वीटभट्ट्यांवर, रेतीच्या आणि बांधकामाच्या कामांवर जातात, आणि त्यांच्याबरोबर संघातली एखादी मुलगीही. उमरगाव-वापीच्या कारखान्यांत नोकरी लागली की दुसरी. डहाणूची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येते ही मोठीच सोय, तरी चर्चगेट तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळच्या सामन्याला पोचायचं तर निघायचं अंधारात, आणि ज्या मुलीचा पाडा स्टेशनपासून दूर आहे तिची आदल्या रात्री झोपायची सोय करायची. हे सगळं जमवणारा शिक्षक प्रशिक्षक कमी आणि मुकादम जास्त असतो. स्टँडबाय तिकिटावर आठ मुली घेऊन निघालेल्या रशबाई त्याला अनोळखी वाटणार नाहीत.

महाराष्ट्रात बास्केटबॉल रुजल्याची एक मोठी गोष्ट आहे, पण ती कॉलेजची नाही, मोहल्ल्याची आहे. मुंबईत नागपाड्याला क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२० च्या दशकात नेबरहूड हाऊस उभं केलं. १९३६ मध्ये याच जागी टाटांची समाजकार्याची संस्था, आजची टिस, सुरू झाली. त्या गजबजलेल्या वस्तीतल्या पोरांनी बास्केटबॉल उचलला आणि पिढ्यान्‌पिढ्या सोडला नाही. भारताचा कर्णधार झालेला, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा अब्बास मुंतसीर हा तिथलाच. नागपाड्याचं वैशिष्ट्य हे की तिथे थोरले खेळाडू धाकट्यांना कोर्टावरच शिकवतात. शिक्षक बदलून जाण्याचा प्रश्न येत नाही, कारण शिकवणारा गल्लीतच राहतो.

इमॅक्युलाटाचं पुढे काय झालं, ते या संदर्भात वाचण्यासारखं आहे. १९७३ आणि १९७४ मध्येही त्याच विजेत्या. २२ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॉलेजच्या मुलींचा पहिला सामना झाला, तो इमॅक्युलाटा आणि क्वीन्स कॉलेज यांच्यात. सुमारे बारा हजार माणसं बघायला आली. पण १९७२ च्या जूनमध्येच अमेरिकेत टायटल नाइन हा कायदा झाला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना डावलता येईना. विद्यापीठांकडून मुलींच्या खेळात पैसा आला, शिष्यवृत्त्या आल्या, मोठी क्रीडागृहं आली. ज्या कायद्याने मुलींचा खेळ वर आणला, त्यानेच या लहान कॉलेजला मागे टाकलं. १९७५ आणि १९७६ च्या अंतिम सामन्यांत मिसिसिपीच्या डेल्टा स्टेटने, लुसिया हॅरिसच्या जोरावर, इमॅक्युलाटाला हरवलं. रशबाईंनी १९७७ नंतर तिथलं काम सोडलं. त्यांच्या खात्यावर १४९ विजय आणि १५ पराभव जमा होते. यात हळहळण्यासारखं काही नाही. तळघरात सराव करावा लागणं ही काही जपून ठेवण्याची गोष्ट नव्हती.

ते राज्य गेलं, पण त्या संघांतल्या मुली कुठे गेल्या ते बघा. थेरेसा शँक, लग्नानंतरची ग्रेंट्झ, रटगर्स विद्यापीठात प्रशिक्षक झाली, १९८२ मध्ये तिच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद घेतलं आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाची ती प्रशिक्षक होती. पहिल्या विजेतेपदाच्या पुढच्या हंगामात संघात आलेली मरियान क्रॉफर्ड, म्हणजे नंतरची स्टॅनली, हिच्या ओल्ड डोमिनियन संघाने १९७९, १९८० आणि १९८५ ला विजेतेपदं मिळवली. रेनी म्यूथ, नंतरची पोर्टलँड, पेन स्टेटला कित्येक वर्षं प्रशिक्षक होती. बादल्या तिच्याच वडिलांच्या दुकानातल्या. रशबाईंनी सराव घेताना या मुलींना कारणंही सांगितली असणार, नाहीतर एकाच पिढीतून इतके प्रशिक्षक निघत नाहीत.

म्हणून डहाणू-तलासरीकडच्या क्रीडाशिक्षकाने पहिल्याच वर्षी एक काम करून बघावं. संघात नवव्या-दहाव्या नंबरला असलेली, सामन्यात फारशी न उतरणारी, पण सरावाला कधी न चुकणारी मुलगी निवडावी. आठवड्यातला एक दिवस लहान मुलींचा सराव तिच्याकडे द्यावा, शिट्टीसकट, आणि स्वतः मैदानाबाहेर बसून मध्ये न बोलता बघावं. पहिल्या दिवशी ती नुसत्या फेऱ्या मारायला लावेल. लावू द्यावं. शिक्षकाची बदली आज ना उद्या ठरलेलीच आहे. ती मुलगी मात्र कामावरून परतल्यावर पुन्हा त्याच पाड्यात असेल.