कासरा

काळा झगा, भुवईवरून गालापर्यंत गेलेला व्रण, खानावळीतलं अंधाऱ्या कोपऱ्यातलं टेबल, आणि कुणी काही विचारलं की तुटक उत्तर. डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या कुठल्याही टोळक्यात जाऊन बसा, बाउंटी हंटर म्हटलं की आधी हाच इसम समोर येतो. पहिल्या आठवड्यात तो कैद्याचं बोट कापतो. दुसऱ्या आठवड्यात कुणाचं तरी घर जाळतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्यांना त्याचा कंटाळा आलेला असतो, खेळणाऱ्यालासुद्धा.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो छापून बाजारात आणला. एक जण डन्जन मास्टर होतो, त्याला सगळे डीएम म्हणतात. जग त्याचं, राजे त्याचे, हवामानही त्याचं. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात उतरतात आणि आपण काय करतो ते तोंडाने सांगतात. जमेल की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री जेवणं उरकून बसतो. डीएम माझ्या ऑफिसातला आहे. पुरोहिताचं पात्र घेणारा मुलगा सगळ्यांत लहान, अजून कॉलेजात शिकतो आणि मला ताई म्हणतो.

या वेळच्या मोहिमेसाठी मला बक्षिसावर माणसं पकडून आणणारी बाई हवी होती, आणि ती खरोखर निर्दय हवी होती. व्रणवाल्या इसमाला लोक निर्दय म्हणतात, पण मला ते पटत नाही. त्याला समोरच्या माणसात फार रस असतो. तो त्याला घाबरवतो, त्याच्याशी बोलतो, त्याच्या ओरडण्याची वाट बघतो. निर्दय माणूस एवढा वेळ देत नाही. त्याच्या हातात कागद असतो, कागदावर नाव असतं, आणि संध्याकाळपर्यंत पोचायचं असतं.

म्हणून पात्राची सुरुवात मी नाव-गावापासून न करता कौशल्यांपासून केली. २०१४च्या पुस्तकातला रेंजर घेतला. रेंजर म्हणजे माग काढणारा, रानावनात वावरणारा. १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे सहा गुणांत वाटायचे असतात. १५ चपळाईला दिले, १४ विज़्डमला, आणि ८ करिश्म्याला, कारण या बाईला कुणाला बोलून वळवायची गरज पडत नाही. रेंजरला यादीतली तीन कौशल्यं घेता येतात, त्यात इनसाइट असतं. समोरचा खरं बोलतोय की खोटं, त्याच्या मनात काय आहे, हे ओळखायचं कौशल्य. बाउंटी हंटर करणारे बहुतेक जण ते आधी घेतात, आणि हिशेबाने ते बरोबरही आहे. मी घेतलं नाही. २०१५च्या सोर्ड कोस्ट अ‍ॅडव्हेंचरर्स गाइडमध्ये शहरी बाउंटी हंटरची पार्श्वभूमी दिली आहे. तिथे ते पुन्हा समोर आलं, तिथेही घेतलं नाही.

डीएमने भुवया वर केल्या. मी म्हटलं, पळालेला माणूस पकडल्यावर काय म्हणतो? मी काही केलं नाही म्हणतो. ते खरं असलं तर ही काय करणार? सोडून देणार? मग पोट कशावर भरणार? जे कळून उपयोग नाही ते न कळलेलंच बरं, असं या बाईने कधीतरी ठरवून टाकलंय. विज़्डम चांगलं असल्यामुळे फाशावर दोनची भर मिळते, म्हणजे थोडंफार तिला कळतंच. तेवढं मी तिच्यावर सोडलं.

सामानात दोन मोहरांच्या बेड्या आणि एका मोहरेचा पन्नास फूट दोर. या खेळात एक नियम आहे, तो मला फार आवडतो. शत्रूला जिवे न मारता नुसतं बेशुद्ध करायचं असेल, तर शेवटचा घाव हातातल्या शस्त्राने जवळ जाऊन घालावा लागतो. लांबून बाण मारून ते जमत नाही. म्हणजे कैदी जिवंत न्यायचा असेल तर त्याच्या श्वासाच्या अंतरावर जावंच लागतं. दोरावरून नाव सुचलं, कासरा. बैलाला धरायचा दोर. टेबलावरच्या शहरी पोरांना तो शब्द नवा होता, त्यांना वाटलं एल्फांच्या भाषेतलं काहीतरी आहे.

स्वभावाच्या रकान्यात डीएम म्हणत होता 'लॉफुल इव्हिल' लिही. मी पेन्सिलीने 'लॉफुल न्यूट्रल' लिहिलं. त्यावर आमचा अर्धा तास गेला, आणि खरं सांगायचं तर हा वाद अजून मिटलेला नाही.

कायदा पाळणारी बाई म्हटलं की कुठला कायदा ते ठरवावं लागतं. मी खऱ्या बाउंटी हंटरांचं थोडं वाचून काढलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८७२ साली टेलर विरुद्ध टेंटर या खटल्यात जामीनदाराचे हात किती लांब आहेत ते लिहून ठेवलंय. ज्याचा जामीन घेतला त्याला तो हवं तेव्हा पकडू शकतो, दुसऱ्या राज्यात पाठलाग करू शकतो, प्रार्थनेच्या दिवशी अटक करू शकतो, आणि गरज पडली तर त्याच्या घराचं दार फोडून आत शिरू शकतो. त्याच्याही आधीचा, १८५०चा पळालेल्या गुलामांचा कायदा. पकडून आणलेला माणूस गुलाम आहे असं ठरवलं तर कमिशनरला दहा डॉलर फी, नाही ठरवलं तर पाच. कागदपत्रं जास्त करावी लागतात, असं कारण दिलं जायचं. हे वाचल्यावर काळ्या झग्यातला व्रणवाला मला अगदी बाळबोध वाटायला लागला.

पण कासराला मी अमेरिकन कायदा दिला नाही. माझ्या घरात जवळचा कायदा होता.

अब्बा तालुक्याच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स बजावायचं, नोटीस चिकटवायची, आणि हुकूमनामा झालेला पैसा कुणी भरला नाही की जप्तीचं वॉरंट घेऊन त्याच्या दारात जायचं. सोबत धनकोचा माणूस, दोन पंच, कार्बन घातलेला पंचनाम्याचा कागद. आमच्या घरी कुराणशरीफच्या खालच्या फळीवर १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेची कव्हर निसटलेली प्रत असायची. त्यातली दोन-तीन कलमं मला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ झाली. कलम ६०, काय उचलायचं नाही. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि त्याला लागतील तेवढी जनावरं नि बियाणं. कलम ६२, सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत राहत्या घरात शिरायचं नाही. आणि आतल्या खोलीत पडदा पाळणारी बाई असेल तर तिला आधी कळवायचं, बाहेर निघून जायला वेळ द्यायचा, मग आत जायचं. अब्बा हे कलम मोठ्या आवाजात म्हणायचे, अम्मी आत चुलीपाशी हसायची.

एवढं सगळं पाळूनही जप्ती ही जप्तीच. अब्बांनी शिलाई मशीन सोडलं म्हणून शिंप्याची सायकल परत यायची नाही. गावात लोक त्यांना सलाम करायचे, नमस्कार करायचे, पण त्यांना पाहून कुणी चहाला बोलावलं नाही. माणूस कसा आहे याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यांच्या खिशात कुणाचं तरी नाव असणार, एवढंच लोकांना माहीत होतं. कागद आणणाऱ्याशी आमचं वैर नाही असं ते म्हणत, आणि दार लावून घेत.

कासराचे नियम मी इथून उचलले. रात्री घरात शिरणार नाही. भांडी, अंथरूण, हत्यारं यांना हात लावणार नाही. कागद वाचून दाखवल्याशिवाय दोर बांधणार नाही. कलम ५६ मात्र मुद्दाम यादीत घेतलं नाही. त्या कलमाप्रमाणे नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करून दिवाणी तुरुंगात घालता येत नाही. कायद्यातली सगळी दया गोळा करून दिली असती तर कासराला धंदाच उरला नसता.

आणखी एक गोष्ट मी तिला दिली नाही. अब्बांच्या सायकलला पितळी घंटी होती, फार मोठी वाजणारी. जप्ती असली की ते ज्या गल्लीत जायचं तिच्या तोंडापासून ती वाजवत जायचे. रस्त्यावर कोंबडीसुद्धा नसली तरी. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबून चहा प्यायचे, बशीत ओतून, सावकाश. धनकोचा माणूस चुळबुळ करायचा. ते पंचांना सोबत घेऊन दारात पोचेपर्यंत पाऊण तास गेलेला असायचा, आणि पाऊण तासात रेडिओ, घड्याळ, बोकड अशा वस्तू शेजारच्या घरात जाऊ शकतात. घंटी ते त्यासाठीच वाजवायचे की सवयीने, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही. विचारलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते कोर्टाचे नोकर होते.

ही घंटी कासराला दिली असती तर टेबलावर सगळ्यांना ती लाडकी झाली असती. वरून कठोर, आतून मऊ. असली पात्रं लोकांना आवडतात, सिनेमेही त्यांच्यावर चालतात. पण मला बघायचं होतं की नियम सगळे अब्बांचे आणि घंटी तेवढी नाही, तर कसला माणूस तयार होतो.

ते तिसऱ्या कामगिरीत दिसलं. कागदावर एका रंगारणीचं नाव होतं. गिल्डकडून उचल घेतलेली, फेडता न आलेली, पळून बहिणीच्या घरी लपलेली. बक्षीस ४० मोहरा. आम्ही घरापाशी पोचलो तेव्हा डीएमने सांगितलं, सूर्य बुडालाय. मी म्हटलं, कासरा दारासमोर ओट्यावर बसते. बाकीच्यांना आधी हसू आलं. मग पुरोहिताच्या मुलाला वाटलं की आपल्याकडे आख्खी रात्र आहे. तो आत गेला, त्या बाईशी बोलला, पाण्याने तिचे निळे हात धुतले, आणि जादूगाराच्या मदतीने मागच्या दाराचा बेत केला. हे सगळं माझ्यासमोर, टेबलावरच चाललं होतं, आणि ते मला काही माहीत नाही असं धरून मी चिवडा खात होते.

मागचं दार उघडलं तेव्हा डीएमने मला फासा टाकायला सांगितला. १९ पडले. कासराला चाहूल लागली. नियम घराचा होता, आणि मागची गल्ली म्हणजे घर नव्हे. मी म्हटलं, ती उठते आणि वळसा घालून जाते.

डीएम जरा थांबला. मग त्याने विचारलं, "आवाज करत जातेस की न करता?"

त्याने मला वाट दिली होती, हे मला कळलं. त्याला घंटीबद्दल काही माहीत नव्हतं, मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी दबक्या पावलांसाठी फासा उचलला आणि टाकला.

गल्लीत कागद वाचून झाला, दोर बांधून झाला. तो तोडायला १७ लागतात. डीएमने रंगारणीसाठी सगळ्यांसमोर फासा टाकला, तो ११वर थांबला. रंगाचं पातेलं तिच्या हातात होतं, ते कासराने काढून तिच्या बहिणीपाशी दिलं. हत्यार आहे, जप्त होत नाही.

"पातेलं सोडलंस आणि बाई नेलीस?" पुरोहित म्हणाला. पात्राच्या आवाजात नाही, स्वतःच्या.

मग कुणीतरी चहा टाकला. मोहीम सुरू करण्याआधी आम्ही कुणाला काय चालेल, काय नाही हे बोलून घेतलं होतं, त्यामुळे खेळ बंद पाडावा असं त्यालाही वाटलं नाही. कपाला हात शेकत त्याने मला विचारलं, "ताई, तुम्हाला काहीच वाटलं नाही का?" मी म्हटलं, मला वाटलं. कासराचं विचारत असशील तर तिलाही फाशावर दोन मिळतात. तो हसला नाही.

४० मोहरांचे चार वाटे, दहा-दहा. पुरोहिताने आपले घेतले नाहीत. त्याला चार महिने झाले. मध्ये आम्ही एक डोंगर ओलांडला, एक ड्रॅगन मारला, भांडणं झाली, मिटली. माझ्या शीटवर खालच्या कोपऱ्यात 'पुरोहिताचे १० येणे' असं लिहिलेलं आहे. दर शनिवारी सुरुवातीला कासरा ते वाचून दाखवते, आणि तो म्हणतो, पुढे चला.