भरतीरेषेच्या वर

३ फेब्रुवारी, जहाजावर
चेन्नई सुटली. बंकची तिकिटं. मोठा हॉल, एकावर एक खाटा, पंख्यांची घरघर. विमान दोन-अडीच तासांत पोचवतं, हे तीन दिवस घेणार. स्वस्त म्हणून घेतलं हे खरं. पण बाराशे किलोमीटर समुद्र अंगाला कळावा असंही वाटत होतं.
सोहम, ताईचा मुलगा, वरच्या खाटेवर. भिंतीकडे तोंड करून.

५ फेब्रुवारी
अष्टमी. डेकवर अर्धा चंद्र. सोहमच्या उलट्या थांबल्या, आलेपाक चघळतोय. ताईला शब्द दिलाय, त्याच्या नोकरीचा विषय काढायचा नाही. काढला नाही.

६ फेब्रुवारी, पोर्ट ब्लेअर
पाट्यांवर नवं नाव, श्री विजय पुरम. रिक्षावाला पोर्ट ब्लेअरच म्हणतो.
जमीन अजून हलतेय.

७ फेब्रुवारी
सकाळभर फिनिक्स बे जेट्टीवर, सरकारी बोटीच्या तिकिटाच्या रांगेत. इथल्या रहिवाशांना वेगळं भाडं, आपल्याला वेगळं. योग्यच आहे. त्यांची ही एसटी.
सोहम म्हणाला, "मावशी, बसने रंगतला जाऊ, लवकर पोचू." ती बस अंदमान ट्रंक रोडने जाते, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो भाग बंद करायला सांगितला होता. गाड्यांचे ताफे अजून जातात. आत माणसं राहतात आणि काचेतून लोक त्यांना बघतात. मी नाही जाणार त्या रस्त्याने. तो वाद न घालता रांगेत उभा राहिला.
दुपारी सेल्युलर जेल. त्याबद्दल आज लिहिणार नाही.

८ फेब्रुवारी
बाजार. तांदूळ, मूगडाळ, कांदे, लिंबं, मिरच्या, शेगडीसाठी स्पिरिट. पोहे, मेतकूट, भाजणी, सुकट, आगळ घरून आणलंय. पाण्याचे दोन कॅन, वीस-वीस लिटरचे. दोघांना प्यायला आणि शिजवायला दिवसाला आठ लिटर धरलं. अंघोळ समुद्रात.
खर्चाचं पान वेगळं ठेवलंय. तंबूत झोपायला पैसे लागत नाहीत. पैसा जातो तो बोटीला, आणि बोट चुकली की लॉजला.

९ फेब्रुवारी, लाँग आयलंड
हॅवलॉकला निम्मी बोट रिकामी झाली. पुढे आम्ही, शाळेचे मास्तर, कोंबड्यांची खुराडी, एक शिवणयंत्र.
छोटं गाव. गाड्या जवळजवळ नाहीत. पूर्वी प्लायवूडचा कारखाना होता, तो बंद पडला, पुष्कळ लोक गेले. उरलेल्यांच्या घरी बंगाली, तमिळ, सादरी. बाहेर सगळ्यांची हिंदी.
आधी वनखात्याच्या कचेरीत. मनाला येईल तिथे तंबू ठोकायची मुभा नाही. जंगल त्यांच्या ताब्यात, कितीतरी बेटांवर दिवसाही उतरायचं तर कागद लागतो. आदिवासींच्या राखीव बेटांकडे फिरकायचंच नाही, १९५६ पासून तसा कायदा आहे. नकाशात रिकामं दिसलं म्हणजे बेवारस नसतं. अर्ज लिहिला, दोघांची ओळखपत्रं जोडली. गार्डने तोंडी सांगितलं: जाळ करायचा नाही, शिंपला-पोवळं उचलायचं नाही, खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं नाही. मगर.
तिसरं त्याने दोनदा सांगितलं.

१० फेब्रुवारी, लालाजी बे
जंगलातून चालत. कॅन काठीला अडकवून दोघांच्या खांद्यावर. वाटेत पडाउकचे सरळ उंच बुंधे. सोहमच्या मानेवर वळ उठला, काही बोलला नाही.
पांढरी वाळू. कोणी नाही.
जागा शोधायला वेळ घेतला. नारळाखाली नको. खाडीपासून लांब. सुकलेल्या झाडाखाली नको. मग शेवाळ, काटक्या, बाटल्यांची ओळ शोधली, पाणी शेवटचं जिथवर आलं ती. पण ती लहान भरतीची. पौर्णिमा परवावर आलीय. त्या ओळीच्या वर, जिथे वेल वाळूवर पसरलीय आणि केवड्याची झुडपं सुरू होतात, तिथे तंबू. वेल रुजलीय म्हणजे खारं पाणी तिथे नेहमी येत नाही.
साडेपाचच्या आत सूर्य गेला. घड्याळ भारताचं, उजेड पूर्वेचा.

११ फेब्रुवारी
वाळूतली माशी. दिसत नाही, चावलेली कळत नाही, मध्यरात्री कळते. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पुटकुळ्या. खोबरेल चोपडून बसलो, तेलाच्या थरातून ती कमी चावते. खाजवायचं नाही, जखम चिघळते. सोहम खाजवतो.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
दडपे पोहे. वाळूवर पडलेला नारळ सोहमने दगडावर सोलला, बराच वेळ, हात सोलवटून घेत. खोबरं चमच्याने खरवडलं. पातळ पोह्यांवर नारळाचं पाणी शिंपडलं, कांदा, मिरची, लिंबू, मीठ, खोबरं, वर ताट दाबून पाव तास. जाळ नाही, पिण्याचं पाणी एक थेंब नाही. त्याने दोनदा घेतले. आईच्या हातचे असेच लागतात म्हणाला.
जहाजावर चढल्यापासून पहिल्यांदा ताईचं नाव निघालं.

१२ फेब्रुवारी
पौर्णिमा. आपल्याकडे कोळी हिशेब करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. इथे रेखांश वेगळा, किनारा वेगळा. वाळूत काठ्या रोवल्या आणि बसलो. पाणी दहाच्या सुमारास थबकलं, चौथ्या काठीपाशी. आता आपला इथला हिशेब: कोकणच्या तासभर आधी, मग रोज पाऊण तासाने पुढे. सोहमने वहीत लिहून घेतलं.
मोठं उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी. तंबू अजून आठ पावलं वर आहे. झोप लागेल असं वाटतं.

१३ फेब्रुवारी
लागली नाही. पाणी पाचव्या काठीपर्यंत.

१३ फेब्रुवारी, सकाळ
सोहमने हाक मारली. पाण्यापासून वर वाळूत माग, दीडेक हात रुंद. वेळासला बघितलाय मी हा माग. दोन्ही बाजूंचे पंजे एकाआड एक उमटलेले, समोरासमोर नाहीत. म्हणजे ऑलिव्ह रिडले. हिरवं कासव दोन्ही पंजे एकदम टाकतं, आणि माग याहून खूप रुंद. वर उकरलेली वाळू, थापटून सारखी केलेली. परतीचा माग वेगळा.
आमच्या तंबूपासून साठेक पावलांवर. रात्री आम्ही जागे होतो, बोलत होतो, तरी ती येऊन गेली.
खुणेला काही ठेवलं नाही. माणसाची खूण माणसालाच दिसते. कचेरीत जाऊन सांगायचं.
टॉर्चला लाल कागद बांधला, आणि समुद्राकडे टॉर्च मारायचा नाही. अंड्यांतून पिल्लं यायला पन्नासेक दिवस, तोवर आम्ही नसू. पण शेजारी आधीचं घरटं असेल तर? पिल्लं जिकडे उजळ तिकडे जातात. रात्री तो उजेड समुद्राचा असतो. कोणी दिवा लावून बसलं की ती जंगलात शिरतात आणि सकाळी वाळून मरतात. 'शांत किनाऱ्यावर शेकोटी' हे चित्र मला यापुढे बघवणार नाही.

१४ फेब्रुवारी
गावात जाऊन पाणी आणलं. कचेरीत घरट्याची जागा सांगितली. गार्ड लगेच निघाला, सोहम त्याच्यासोबत.
ज्या घरी पाणी भरतो तिथल्या आजी रांचीकडच्या. त्यांचे सासरे जंगलतोडीच्या कामावर आले होते. पैसे घेत नाहीत. मी सुकट दिली, त्यांनी पपई.
भात आता एक वाटी समुद्राचं, तीन वाट्या गोडं पाणी घालून करते. मीठ घालावं लागत नाही.

१५ फेब्रुवारी
वारा. ईशान्येचा, सतत. तंबूचे दोर दगडांना बांधले. उद्याची बोट रद्द. तांदूळ तीन वेळांचा, भाजणी आहे, गूळ आहे. काळजी अन्नाची नाही. सोहमच्या घोट्यावरची एक पुटकुळी लाल, गरम. आयोडीन लावलं. उद्या गावातल्या दवाखान्यात.
दुपारभर बाटल्या गोळा केल्या. थाई अक्षरं, बर्मी अक्षरं, एका चपलेवर काहीच नाही. गोणी भरली. किनारा तसाच दिसतो.

१६ फेब्रुवारी, गाव
दवाखान्यात ड्रेसिंग, गोळ्या. पाच दिवस पाण्यात पाय घालायचा नाही. आजींच्या पडवीत झोपलो.
जेट्टीवर रेंज येते. सोहम तिथे बराच वेळ उभा. कोणाशी बोलला ते विचारलं नाही. रात्री ताईचा मेसेज: "तुझ्याकडे बोलला का? माझ्याकडे बोलला."

१७ फेब्रुवारी
बोट आहे. माझं पोर्ट ब्लेअरचं तिकीट काढलं. तो उलट दिशेने निघालाय. बोटीने रंगत, तिथून बसने मायाबंदर, दिगलीपूर, मग कालीपूर. तिथे वनखात्याची कासवांची हॅचरी आहे, रात्रीची गस्त असते. बघतो म्हणाला, काही काम देतात का. त्या बाजूचा रस्ता राखीव जंगलाबाहेरचा, हे त्याने आपणहून तपासलं होतं.
तंबू, शेगडी, उरलेलं स्पिरिट, एक कॅन त्याला दिला. भाजणीही. गोळ्या पाच दिवस, जेवल्यावर. काठ्यांचा हिशेब त्याच्याकडे आहे.
त्याची बोट आधी. माझी दोन तासांनी. आजींकडून दुसरा कॅन आणायचा राहिलाय.